शेवटच्या पदाचा सूर

पेटीमास्तरांनी संहितेचं शेवटचं पान चौथ्यांदा उघडून पाहिलं. पद खोडलेलंच होतं. लाल पेन्सिलीनं, पट्टी ठेवून. खोडणारी त्यांची पोटची मुलगी, दिग्दर्शिका. नीटनेटकेपणा तेवढा बापाचा घेतलेला.

पडदा वर जायला दहा मिनिटं होती. साठ वर्षं जुनं संगीत नाटक आज नव्या रूपात येणार होतं. नवं रूप म्हणजे राजवाड्याच्या जागी तीन खुर्च्या आणि एक दार. त्याला मास्तरांची हरकत नव्हती. राजवाडा रंगवायचा खर्च वाचला. पण नाटकाच्या शेवटी नायिका दारापर्यंत जाते, पद गाते, नवऱ्याला क्षमा करून मागे फिरते. मुलीनं पदही काढलं आणि मागे फिरणंही.

मूळ गोष्टीशी इमान राख, म्हणून मास्तर महिनाभर तिच्या कानीकपाळी ओरडत होते. आज त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं: सूर द्यायचा. सूर मिळाला की नवी नटी गाणार, आणि नाटक आपसूक जुन्या वाटेला लागणार.

मुलीला बाप ठाऊक होता. ती पायपेटीजवळ येऊन उभी राहिली.

"बाबा, शेवटी सूर देऊ नका."

"सूर मिळाल्यावर न गाणारी नटी मी पाहिली नाही."

"पाहिलीत की. आई."

"गायली ना पण. तिसऱ्या सुराला."

हा किस्सा मास्तर तीस वर्षं पाहुण्यांना ऐकवत आले होते. बायको नायिका, हे साथीला. एका प्रयोगात बाई दाराशी गेली ती तोंडच उघडेना. एकदा सूर दिला, दोनदा दिला. तिसऱ्यांदा भाता असा दाबला की मागच्या रांगेतला घोरणारा जागा झाला. मग गायली. वर वन्स मोअर! पाहुणे पोट धरून हसत. बायको तेवढ्यात पाणी आणायला आत जाई.

त्या प्रयोगाला पाच वर्षांची मुलगी विंगेत उभी होती.

"मी मूळ गोष्टच करतेय, बाबा," ती म्हणाली आणि निघून गेली.

शेवटचा प्रवेश आला. नटी दाराशी गेली. मास्तरांची बोटं पट्ट्यांवर, पाय भात्यावर. भाता भरला.

नटीच्या हातात एक बॅग होती. तालमीत नव्हती. तपकिरी, घरातली, माळ्यावरची. कडी तुटलेली म्हणून बुटाच्या नाडीनं बांधलेली. ती नाडी मास्तरांनी ओळखली. बायको दाराशी अडली त्याच वर्षी त्यांनी ती आठवडाभर शोधली होती आणि घर डोक्यावर घेतलं होतं.

 नटीनं मान किंचित पेटीकडे वळवली.

मास्तरांनी बोटं उचलली. मग पायही. भात्यातली हवा हलकेच निघून गेली.

नटी बाहेर पडली. दार लागलं.

मागच्या रांगेतून कुणीतरी जुना माणूस सवयीनं "वन्स मोअर" म्हणाला. मास्तरांनी पेटीचं झाकण लावलं.