सरावाची म्हैस

मित्रांनो, मी एक जुनी म्हैस आहे. जनावराला खरे तर म्हातारे म्हणतात. पण कॉलेजच्या गोठ्यात बादल्या आणि दोरखंडांच्या बरोबरीनेच माझी गणना होते, म्हणून जुनी म्हटलेलेच बरे. माझ्या आयुष्यात ऐकण्यासारखे काही आहे की नाही, मला ठाऊक नाही. तरी सांगते.

खर्ड्याजवळच्या एका वस्तीवर मी जन्मले. झुंबरबाईंनी मला वाढवले. गोठ्यात शिरण्याआधी त्या बाहेरूनच म्हणायच्या, "आले गं काळे!" मग पाठीवर तळहात ठेवायच्या आणि त्यानंतरच धार काढायला बसायच्या.

त्यांची सून हसायची. "म्हशीला काय सांगून जायचं असतंय व्हय, आत्याबाई?"

"तुझ्या अंगाला कुनी न सांगता हात लावला, तर चालंल का तुला?"

त्या वेळी माझ्या दुधाचे आणि शिंगांचे कौतुक व्हायचे. पुढे झुंबरबाई थकल्या, मीही आटले. मग मला जामखेडकडच्या या कॉलेजात आणून बांधले.

इथे जनावरांच्या नर्सची पदवी मिळते. डॉक्टर उपचार ठरवतात. जनावर धरणे, ताप बघणे, सुई टोचणे, जखम बांधणे ही कामे ही मुले शिकतात. आणि शिकतात ती माझ्यावर. दर वर्षी नवे हात येतात. गार थर्मामीटर लावतात. शेपटीखाली नाडी मोजतात, चुकतात, पुन्हा मोजतात. माझ्या मानेवर सुयांच्या गाठी झाल्या आहेत. मी उभी राहते. राग यायलाही अंगात ताकद लागते.

"ही म्हैस न्हाई, भिंत हाय भिंत!" मुलांना शिकवणारे सुनील सर कौतुकाने म्हणतात.

पण मित्रांनो, भिंतीला कोण हाक मारणार? मुले सरळ मागून येतात आणि हात लावतात.

नाझनीनही तशीच शिकली. ती टेम्पो चालवणाऱ्या मेहताबभाईंची मुलगी. पहिल्या दिवशी ओढणी नाकाला लावून दारातच थांबली होती. तिच्या वर्गातला अमृत म्हणाला, "लांबून काय दर्शन घेतीस? आत ये, म्हैस चावत न्हाई." त्या चिडवण्याने ती आत आली, आणि वर्षभरात सगळ्यांत हलका हात तिचाच झाला. तिची सुई मला कळायचीसुद्धा नाही.

मग मुलांना लसीकरणासाठी एका गावात नेले. तिथे गोरक्षनाथ नावाच्या शेतकऱ्याची कालवड होती. नाझनीन माझ्याकडे यायची तशीच तिच्याकडे मागून गेली. कालवडीने लाथ झाडली. नाझनीनचे मनगट मोडले.

काही दिवसांनी ती वडिलांबरोबर आपले सामान न्यायला आली. हात प्लॅस्टरमध्ये होता.

"बास झालं शिक्षण," मेहताबभाई सरांना म्हणाले. "हात गेला तर आमी काय करायचं?"

निरोप घ्यायला नाझनीन माझ्याकडे आली, आणि नेहमीसारखा मागूनच तिने कमरेवर हात ठेवला.

माझ्या डाव्या डोळ्यात आताशा सारा धूर दिसतो. त्या बाजूने कोण आले, मला समजले नाही. मी दचकले. पाय आपोआप उडाला आणि बादली खणखणत दारापर्यंत गेली.

"या अल्ला! हीपन?" मेहताबभाई धावले. "चल, आत्ताच्या आत्ता घरी चल!"

पण नाझनीन दाराकडे गेली नाही. लांबून वळसा घालून ती माझ्या तोंडासमोर आली. इतक्या वर्षांत तिथे कोणी उभे राहिले नव्हते.

"अब्बा, हिचा डोळा बघा. पांढरा झालाय. हिला मी दिसलेच नाही." तिने आपल्या प्लॅस्टरकडे पाहिले. "त्या कालवडीलाही दिसले नसेन. मी मागून गेले होते, न बोलता."

"न बोलता?" मेहताबभाई चिडलेच. "अगं, टेम्पो मागं घेताना मी हॉर्न देतो का न्हाई? हितं तर जितं जनावर हाय!"

"तेच ना, अब्बा. हॉर्न द्यायचा राहिला."

सुनील सर खाली बघत राहिले. मेहताबभाईंनी बादली उचलून जागेवर ठेवली आणि म्हणाले, "प्लॅस्टर निघू दे. मग बघू."

त्यानंतर बरेच दिवस गोठ्यात ती दिसली नाही. मी वाट पाहणे सोडून दिले होते. आणि एका सकाळी दाराबाहेरूनच आवाज आला, "मी आले गं!" मग पाठीवर एक तळहात टेकला. त्या हाताचे मनगट अजून बारीक होते.

आता नवी मुले आली की नाझनीन त्यांना आधी माझ्यासमोर उभे करते.

मित्रांनो, मी फार थकले आहे. सुया टोचा, नाडी मोजा, चुकलात तर पुन्हा मोजा. माझी तक्रार नाही. पण जो मुकाट उभा आहे, त्याला भिंत समजू नका. हात लावण्याआधी एक हाक द्या. माझा डोळा गेला आहे, कान अजून शाबूत आहेत.