नंतरचे बांधकाम

"ताण बाई, ढिला होऊन राह्यला," म्हणत रुपाबाईंनी टेपचे टोक वेशीच्या चिऱ्याला दाबून धरले. दुसऱ्या टोकाला उमेरा आकडे वहीत उतरवत होती. ती कारंज्याच्या युसूफ कापडवाल्यांची मुलगी. पुण्याला विद्यापीठात जुन्या वास्तूंच्या जतनाचा अभ्यास करत होती. वर्षअखेरच्या प्रकल्पासाठी तिने जवळच्या खेड्यातली ही दगडी वेस निवडली होती. वेशीला लागून रुपाबाईंची विटांची खोली होती. चाळीस वर्षांपूर्वी नवऱ्याने, मारोतरावांनी, बांधलेली.

मोजमाप संपले तशा रुपाबाई शिडीवर चढल्या आणि दगडांच्या सांध्यात उगवलेले पिंपळाचे रोप त्यांनी मुळासकट ओढून काढले.

"कायले उपटता, मावशी?"

"मूळ आत गेलं का चिरा फाकते. हे होते तवा हेच करत. आता मी करतो."

उमेराने ते लिहून घेतले. अहवालाच्या तक्त्यात मात्र त्यासाठी रकाना नव्हता. नकाशात मूळ बांधकाम काळ्या रंगात आणि नंतरचे लाल रंगात दाखवायचे, असा नियम होता. तिने खोली लाल रंगवली. शेजारी लिहिले, 'नंतरचे बांधकाम. काढून टाकावे.' प्रकल्पाला वर्गात सर्वांत जास्त गुण मिळाले. सरांनी तो कौतुकाने सरकारी कार्यालयाकडे पाठवला.

पुढच्या सुट्टीत ती घरी आली, तेव्हा रुपाबाई पहिल्या एसटीने येऊन वडिलांच्या कापडाच्या दुकानात बसल्या होत्या. हातात नोटीस होती, तिला जोडलेली नकाशाची प्रत. महिन्याभरात खोली रिकामी करायची होती.

"बाई, तुले वेशीतलं समजते. एक अर्ज लिहून दे. आमी वेस खराब नाई केली, जपली, असं लिही."

नकाशाच्या कोपऱ्यात इंग्रजीत उमेराचे नाव छापलेले होते. तिने प्रत पालथी ठेवली आणि लिहायला घेतले.

"अन् हा नकाशा कोन्या साहेबानं काढला, त्याचं नाव बी टाक. आमाले एका शब्दानं इचारलं नाई म्हना."

पेन थांबले. गिऱ्हाइकापुढे कापड उलगडणाऱ्या युसूफनी मुलीकडे पाहिले आणि मान खाली घातली.

"नाव दिसून नाई राह्यलं, मावशी," उमेरा म्हणाली. "पुसट आहे."

रुपाबाईंनी अंगठ्याला शाई लावली.

"कुठी लावू?"

उमेराने कागदावर बोट ठेवून जागा दाखवली.