डावा हात

रविवारी सकाळी माणिकरावांच्या घरात चहा झाला, अंघोळी झाल्या, पण प्रार्थनेला निघायचं कुणी नाव काढेना. चुलीपाशी त्यांची सून कस्तुरा डाव्या हातानं लेकीला भाकर भरवत होती. उजवा हात बांबूच्या कामट्यांत बांधून गळ्यात अडकवलेला. परवा नवऱ्यानं, म्हणजे माणिकरावांच्या वेगळं घर केलेल्या एकुलत्या एक लेकानं, रायभाननं, तो पिरगाळून मोडला होता. कारण विचाराल तर कालवणात मीठ जास्त झालं. मारायचंच असलं की मीठही पुरतं! रक्ताळलेल्या ओठानं लेकीला काखेत मारून ती सासऱ्याच्या दारात आली होती.

देवगाव फाट्यापासून कोसभर आतल्या त्या गावात ख्रिस्ती घरं मोजकीच. दोन पिढ्यांमागं बाप्तिस्मा घेतलेली, शेळ्या पाळणारी, तुकडाभर जमीन कसणारी. निजामाचं राज्य गेलं, मराठवाडा मुंबई राज्यात आला, तरी या घरांचा कारभार चालला होता तसाच चालला होता. पाळकसाहेब, म्हणजे धर्मगुरू, कधीमधी मोटारीनं फाट्यावर उतरत आणि प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीची भाकर नि द्राक्षरस, देऊन परत जात. एरवी मंडळी सांभाळायची ती पंच माणिकरावांनी.

या माणिकरावांनी एक रिवाज पाडला होता. प्रभुभोजनाआधी ज्यांचं भांडण असेल त्यांना सगळ्यांपुढं उभं करायचं. दुखावलेल्यानं “मी क्षमा केली” म्हणायचं, आणि माणिकरावांनी दोघांचे उजवे हात एकमेकांत द्यायचे. झाला समेट. बांधाची, शेळ्यांची कितीतरी भांडणं त्यांनी अशी मिटवली होती, आणि पंचक्रोशीत त्यांचं नाव होतं. याच रिवाजानं कस्तुरा आधी दोनदा उभी राहिली होती. दोनदा “क्षमा केली” म्हणून नवऱ्याच्या मागं घरी गेली होती. आज पाळकसाहेब आलेले, म्हणजे तिसरी खेप.

“मामा,” वर न बघताच ती म्हणाली, “आज मला उभं करू नका. क्षमा म्हणलं की त्यांच्यासंगं घरी जावं लागतंय. या खेपेला मी जित्ती राहायची न्हाई.”

माणिकरावांनी सुनेच्या हातावरच्या कामट्यांकडं पाहिलं. पण आपलेच दात आणि आपलेच ओठ! लेकाला सभेत उघडं पाडावं तर सगळं गाव म्हणणार, बघा, दुसऱ्याची भांडणं मिटवणाऱ्या पंचाचं घर कसं हाय ते. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं त्यांनी मनाला समजावलं.

“पोरी, क्षमेला मोजमाप नसतंय,” ते म्हणाले. “शास्त्रच हाय तसं.”

“क्षमा मोजू नको म्हणलंय, माणिका. हाडं मोजू नको असं कुठं म्हणलंय?”

हे बोलल्या धुरपताबाई, माणिकरावांची थोरली बहीण. उमर सगळी मिशनच्या दवाखान्यात नर्स म्हणून गेली, आता भावाकडं राहत होत्या. त्या कामट्याही त्यांनीच बांधल्या होत्या.

“आक्का, तू मधी पडू नको. मी काय पोराची बाजू घ्यायलोय का? त्याला बी उभं करणारच हाय की.”

“उभं दोघांला करतूस. बोलायला कुणाला लावतूस? मार खाणारीला! मारणारा मान खाली घालतो, हात देतो आन् मोकळा होतो. शास्त्रातल्या ज्या वचनाच्या जोरावर तू हा रिवाज पाडलास, ते एकदा नीट वाच. दान घेऊन वेदीपाशी आलास आन् आठवलं की कुणाच्या मनात आपल्यामुळं सल हाय, तर दान तिथंच ठेवून आधी त्याच्याकडं जा. हे कुणाला सांगितलंय? ज्याच्यामुळं सल हाय त्याला. बाहेर जायचं ते त्यानं. तू मातर दुखल्या-खुपल्यालाच पुढं ओढत आलास.”

“मग तिनं क्षमाच करू नये म्हणतीस?”

“करंल की. देव मनात घालील तवा करंल. पर क्षमा येगळी आन् भरवसा येगळा. क्षमा केली म्हणून त्याच हाताखाली जाऊन राहायचं, हे कुणी सांगितलं? भरवसा ज्याचा त्यानं कमवायचा असतो.”

माणिकरावांनी उपरणं झटकलं आणि ते प्रार्थनामंदिराकडं निघाले. बोलणं पटत होतं, म्हणूनच राग येत होता.

पत्र्याच्या प्रार्थनामंदिरात रायभान ढोलकी घेऊन पुढंच बसला होता. गुळगुळीत दाढी, धुतलेला सदरा. त्याच्यासारखा गळा साऱ्या मंडळीत नव्हता. भजन त्यानं असं म्हटलं की म्हाताऱ्यांनी डोळे पुसले. त्याच्या चेहऱ्यावर भीतीचा लवलेश नव्हता. उभं राहायचं, मान खाली घालायची, हात द्यायचा, दुपारी बायको घरी, हे त्याला पाठ होतं.

भजन संपलं. माणिकराव उठले. “रायभान, कस्तुरा, पुढं या.” आवाज त्यांचा त्यांनाच परका वाटला.

कस्तुरानं लेकीला धुरपताबाईंच्या मांडीवर दिलं आणि पाय ओढत ती पुढं आली. रायभाननं कुणी सांगायच्या आतच उजवा हात पुढं केला. माणिकराव सवयीनं सुनेचा उजवा हात धरायला गेले आणि बोटांना कामट्या लागल्या. हात तसाच थबकला. कस्तुरानं खाली बघत डावा हात पुढं केला.

“चालंल, आबा,” रायभान हळूच म्हणाला. “डावा बी चालंल. द्या की.”

माणिकरावांच्या डोक्यात काहीतरी लख्ख झालं. मोडलेला हात या पोराच्या हातात दोनदा दिला कुणी? आपणच! आणि आता धड राहिलेलाही त्यालाच द्यायला निघालो!

“हा बी मोडायचा हाय का तुला?” त्यांनी सुनेचा डावा हात हलकेच खाली केला. “मंडळी, माझा रिवाज चुकला. लेकरू मार खाऊन आलं आन् मी त्यालाच उभं करून बोलायला लावलं. रायभान, तू बाहेर जा. तुझं आज प्रभुभोजन न्हाई.”

“आबा, लोकं बघायलेत.”

“बघू दे. मारताना कुणी बघत नव्हतं, तेच तर तुझ्या पथ्यावर पडलं. कस्तुरा आजपासून माझ्या घरी राहील. फिरून हात उचललास तर सेलूच्या ठाण्यात मीच घेऊन जाईन तुला.”

रायभान कानशिलापर्यंत लाल झाला आणि बाहेर गेला. मागोमाग माणिकरावही निघाले. भाकर हातात धरून पाळकसाहेब म्हणाले, “पंच, तुम्ही कुठं?”

“हिच्या मनात माझ्यामुळं बी सल हाय, साहेब. तुमी चालू करा.”

पुढच्या प्रभुभोजनाला माणिकराव उंबऱ्याबाहेर पायरीवर बसले. रायभान लांब लिंबाखाली उभा होता. दर आठवड्याला तो बापाच्या दारात येई, धान्य नि लेकीसाठी काहीबाही ठेवी आणि आत न येता परत जाई. भजन सुरू असताना कस्तुरा बाहेर आली. कामट्या निघाल्या होत्या, मनगट मात्र थोडं वाकडंच राहिलं होतं. तिनं तोच हात पुढं केला.

“मामा, आत चला.”

माणिकरावांना उठवेना. तो वाकडा हात कपाळाला लावून ते पोरासारखे रडले. लिंबाखालून रायभान दोन पावलं पुढं आला.

“तुमचं अजून न्हाई,” कस्तुरा म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, भीतीही नव्हती. अजून म्हणजे कधी, हे तिला कुणी विचारलं नाही. रायभान पुन्हा लिंबाखाली गेला आणि तिथंच थांबला.

देव कुणाचाही असो, घरं आपल्या सगळ्यांची सारखीच. समेट करायला आपण हौसेनं धावतो, आणि तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाणाऱ्यालाच आणखी एकदा तोंड दाबायला सांगतो. क्षमा ही दुखावलेल्याची ठेव आहे. ती त्यानं आपल्या हातानं, आपल्या वेळी द्यावी. तोवर दाराबाहेर थांबायचं ते मारणाऱ्यानं, आणि मार खाणाऱ्याला गप्प बसवणाऱ्या आपणही.