बाकाचं शेवटचं टोक

माझ्या लेकानं, रविकांतनं, भर देवळात, पाहुण्यांसमोर खोटं वाचलं आणि वर टाळ्या घेतल्या.

बहात्तरच्या दुष्काळानंतरचं वर्ष. आमच्या ठेसनावरच्या ख्रिस्ती मंडळीला पन्नास वर्षं झाली होती. रविकांत मालधक्क्यावर क्लार्क, मंडळीचा सेक्रेटरी. म्हणून इतिहास त्यानं लिहिला. घसा खाकरून वाचला, की पहिली उपासना आमच्या ओट्यावर झाली, आणि रुळाचा तुकडा लिंबाला टांगून घंटा केली ती माझ्या सासऱ्यांनी.

पहिली उपासना झाली भीमा गँगमनच्या झोपडीत. तुकडाही त्यानंच खांद्यावरून आणला. मी तेव्हा नवी नवरी, डोळ्यांनी पाहिलेलं. भीमा गेला; त्याची गोजरबाई आजही दर रविवारी तोच तुकडा ठोकते, मग आत येऊन मागं बसते. तिनं सगळं ऐकलं आणि शेवटी आमेन म्हणाली. माझ्या जिभेला सारं ठेसन भितं. ती त्या दिवशी टाळूला चिकटली.

मग प्रभुभोजन आलं. आमच्यात प्याला एकच, बाकाबाकांवरून हातोहात फिरतो. बाप्तिस्म्यानं जात धुतली म्हणायचं. तरी गोजरबाईचं तोंड आमच्याआधी प्याल्याला लागू नये म्हणून देवळात बाकं आली त्याच दिवशी तिला शेवटच्या बाकाच्या टोकाला बसवली ती मीच. गोड बोलून. दाराशी वारा लागतो, म्हणाले होते.

प्याला निघायच्या आत मी उठले. मागं गेले, तिचा हात धरला, म्हटलं, चल, आज माझ्याआधी बस.

ती हसली. दात उरले नव्हते. हळूच हात सोडवून घेत म्हणाली, "ऱ्हाऊ द्या बाई. हितं वारा लागतो."

सगळ्यांच्या देखत मी एकटीच पुढं परत आले.

घरी रविकांतला फैलावर घेतलं. खोटं लिहिताना हात कसा झडला नाही, असंही बोलले. त्यानं ताटातून मान वर केली.

"आई, लहानपणापासून तूच सांगत आलीस. मी नुसतं उतरवून काढलं."

सांगितलं होतं खरं. सासरचं नाव मोठं दिसावं म्हणून. इतक्यांदा, की पुढं मला स्वतःलाच तो ओटा दिसायला लागला होता.

तव्यावरची भाकरी त्याच्या ताटात टाकली.

"तू लबाड न्हाईस, रवी," मी म्हणाले. "लबाड बाईचा गुणी लेक हायेस."