यबाने वाचलेला निबंध

आमच्या अक्सिम गावात एका तत्त्वज्ञाच्या ग्रंथांचा अभ्यास करणारे मंडळ आहे. याच किनाऱ्यावरून त्याला लहानपणी जहाजात घालून युरोपात नेले आणि तिथे तो लॅटिनमध्ये ग्रंथ लिहू लागला. घानाभरातले आम्ही विद्वान दरवर्षी शाळेच्या सभागृहात जमतो, माणसाच्या स्वातंत्र्यावर टाळ्या घेतो आणि मग तळलेल्या मासळीवर ताव मारतो.

यंदाचा निबंध न्यामेके मास्तर आणि त्यांची बायको यबा यांचा होता. लॅटिनचे भाषांतर सगळे यबाचे. तीन महिन्यांपूर्वी मास्तर गेले. नवरा गेलेल्या बाईने वर्षभर काळे नेसून घरात बसायचे, चारचौघांत बोलायचे नाही, ही आमची रीत. तेव्हा निबंध चिटणीस ब्ले यांनी वाचावा आणि तो एकट्या मास्तरांच्या नावाने छापावा, असे मंडळाने ठरवून टाकले. यबाला कोण विचारतो?

सभेच्या दिवशी यबा आली. थोरली नणंद अफिबा दारातच आडवी आली.

"यबा, आत पाऊल टाकलंस तर लोक म्हणतील, हिनंच नवऱ्याला खाल्लं."

"म्हणू देत, वन्सं. त्यांचं दुखणं कोणी काढलं, ते तुम्ही पाहिलंय."

आत एका तरुण प्राध्यापिकेने एका लॅटिन उताऱ्याचा अर्थ विचारला होता आणि ब्ले नुसता घाम पुसत होते. यबा थेट मंचावर गेली. त्यांच्या हातातले कागद घेऊन तिने अर्थ समजावला आणि पुढचे वाचू लागली.

अध्यक्ष अमिहेरे यांनी घंटी वाजवली. "बाई, वर्ष तरी सरू द्या. मंडळ कुठं पळून जातंय?"

"ज्याचे ग्रंथ तुम्ही वाचता, त्याला जहाजात घातलं तेव्हाही कोणीतरी रीतच सांगितली असेल, सर. दोन पानं उरलीत. ऐका."

तिने ती वाचली. वाचन संपले की अध्यक्ष वक्त्याचा हात हातात घेतात, तेव्हाच निबंध त्याच्या नावाने स्वीकारला जातो. आणि विधवेच्या हाताला वर्षभर कोणी शिवत नाही.

यबाने हात पुढे केला. अमिहेरे टेबलाकडे बघत राहिले.

"मी थांबते, सर," ती म्हणाली. "तुमच्या रीतीनं माझ्याकडं अजून नऊ महिने आहेत."

हात खाली आला नाही. आम्ही चाळीस जण बसलो होतो, सगळे शिकलेले. एकही उठला नाही. मीसुद्धा नाही. वाचकहो, मला खुशाल शिव्या द्या. पण आधी सांगा, तुम्ही उठला असता?