कुरतडलेली मोटार

"आक्का, ह्यात आता तार कमी आणि उंदराच्या लेंड्याच जास्त हाईत," बॉनेटमध्ये मुंडकं घातलेला भरमा मिस्त्री म्हणाला. "गेल्या साली सापळा लावू म्हटलं, तर तुमी मला जैनाचा धरम शिकवलासा."

"मग तुझं काय बिघडलं? पुण्य मला मिळालं, मजुरी तुला. तोंड मीट आणि हात चालीव," राजमती म्हणाली.

निपाणीतल्या तिच्या तंबाखूच्या वखारीत तिच्या शब्दाशिवाय पान हलत नसे. आज मोटार हलत नव्हती.

वेदगंगेपलीकडच्या गावी तिच्या थोरल्या बहिणीनं, गुणाबाईनं, देह सोडण्याचं सल्लेखना व्रत घेतलं होतं. अन्न आधीच सुटलं होतं, कालपासून पाणीही. सगळ्यांची क्षमा मागून झाली, एक राजमती राहिली, असा परवाच निरोप आला होता. "आईच्या पाटल्या उचलताना तिला माझी सय झाली न्हाय," असं म्हणून राजमती फुगून घरात बसली. आज पहाटे गुमान लुगडं बदलून ती मोटारीत जाऊन बसली, तर मोटारीनं हूं की चूं केलं नाही.

लढाईमुळे बाजारात तार मिळेना. तिनं माडीवरच्या रेडिओची तार काढायला लावली. भरमा एक तुकडा जोडी, वर मेणकापडाची पट्टी गुंडाळी. तो जोड पुरा होतोय तोवर पुढची तार कुरतडलेली निघे.

"दागिना घडवतोस काय रं? सोनारसुदिक एवढा येळ लावत न्हाय."

"घाईत दोन उघड्या तारा शिवल्या तर गाडी पेटंल, आक्का."

उन्हं कलली. शेवटच्या तारेपाशी भरमाचा हात थबकला. तारांवरच्याच सुताचं घरटं, आणि आत डोळे न उघडलेली गुलाबी पिल्लं. त्यानं वर पाहिलं.

"माझ्याकडं काय बघतोस? सुपात ठेव. अलगद."

हँडल मारून मारून भरमा घामाघूम झाला, तेव्हा कुठं इंजिन धडधडलं. राजमती आत बसली, पदर सावरला, तोच गुणाबाईचा मुलगा पारिसा फाटकातून सायकल ढकलत आला. डोईवर टोपी नव्हती.

"कवा?" तिनंच विचारलं.

"दुपारी. मावशी, रातभर इचारत हुती, मोटार वाजली काय म्हणून."

"भरमा, बंद कर ते."

इंजिन थांबलं, तशी सुपातली बारीक चिवचिव ऐकू आली. भिंतीकडून उंदरीण आली, एक पिल्लू तोंडात धरून चाकावरून पुन्हा बॉनेटखाली शिरली. भरमानं हाकलायला हात उचलला. खाली उतरलेल्या राजमतीनं तो धरला.

"ऱ्हाऊ दे. बैलगाडी जुंपाय सांग."

"पोचायला रात हुईल, आक्का."

"आता कसली घाई," ती म्हणाली, आणि सूप रिकामं होईस्तोवर मोटारीपाशी तशीच उभी राहिली.