टाकी आतून पाहिली

चांदोरकर काका कमरेपर्यंत टाकीत गेले आणि तिथेच थांबले.

"काका, उतरताय ना?" मी विचारलं.

"उतरतोय."

"दोन मिनिटं झाली."

"मग दोन मिनिटांपासून उतरतोय."

काका अडकले होते. मंगलमूर्ती परिसराच्या गच्चीवर, ऑक्टोबरच्या उन्हात, सोसायटीचे एकमेव विश्वासार्ह गृहस्थ अर्धे टाकीत आणि अर्धे उघड्यावर होते. खाली चौसष्ट फ्लॅटचे नळ सकाळी सातपासून बंद. मी सोसायटीचा सहसचिव. निवडणुकीला गैरहजर राहिलो म्हणून बिनविरोध निवडून आलो.

आमच्या अयोध्या नगरात सोसायट्या पुष्कळ आहेत. कुणाकडे कारंजं आहे, कुणाकडे जिम. आमच्या कारंज्यात तुळस लावली आहे. पण वर्षातून एकदा टाकी धुतली की आमच्या नोटीस बोर्डावर एक कार्ड लागतं: 'टाकी आतून पाहिली.' खाली तारीख आणि गोपीनाथ चांदोरकर ही सही. असं कार्ड अख्ख्या भोपाळात कुणाकडे नाही. पाहुणे आले की आम्ही त्यांना आधी ते दाखवतो, मग पाणी देतो.

याची सुरुवात अकरा वर्षांपूर्वी झाली. ठेकेदाराने टाकी चकाचक धुतली म्हणून पैसे नेले. काकांना शंका आली, म्हणून ते बॅटरी घेऊन आत उतरले. आत प्लास्टिकची खुर्ची होती. हात असलेली. ती टाकीच्या तोंडातून बाहेर येईना, शेवटी करवतीने कापून काढावी लागली. बाहेर येत नाही तर आत गेली कशी, हा मुद्दा सभेच्या इतिवृत्तात आजही 'विचाराधीन' आहे.

काका कारखान्यात छत्तीस वर्षं तपासणी विभागात होते. एक माणूस जेमतेम मावेल एवढ्या ओतीव नळकांड्यांत बॅटरी घेऊन सरपटत जायचं, बोटाने चाचपायचं, बाहेर येऊन सही करायची. न पाहता एकदाही सही केली नाही. एकदा माल न्यायला आलेली अख्खी मालगाडी दीड दिवस उभी राहिली. मोठे साहेब चार वेळा येऊन गेले. काका म्हणाले, उजेड कमी आहे, उद्या बघतो. त्यामुळे त्यांना बढत्या फार मिळाल्या नाहीत. निवृत्तीच्या समारंभात भिंतीवरचं घड्याळ मिळालं. ते दोन मिनिटं मागे चालतं म्हणून त्यांनी स्टेजवरच परत केलं.

यंदा त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. सहा महिने बसून पोट वाढलं. टाकीचं तोंड मात्र होतं तेवढंच राहिलं.

"मी खोबरेल आणते," दुसऱ्या मजल्यावरच्या मंजूषाताई म्हणाल्या. "कडेकडेने लावलं की सुटतील."

"पिण्याच्या पाण्याची टाकी आहे!" काका ओरडले. "तेलाचा एक थेंब आत पडता कामा नये!"

"मग पावडर?"

"पावडरसुद्धा नको!"

तेवढ्यात मनोरमा काकू जिना चढून आल्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर आश्चर्य अजिबात नव्हतं.

"अहो, श्वास सोडा. सगळा. आणि बोलू नका."

काका बोलायचे थांबले आणि सुटले.

अध्यक्ष सक्सेनाजी कार्ड आणि पेन घेऊन तयारच होते. "अंकलजी, बहुत हो गया. ठेकेदार कह रहा है साफ है, मैंने भी ऊपर से देख लिया. बस साइन कर दीजिए."

"आप ने ऊपर से देखा, तो ऊपर से देखा लिखिए. नीचे आप साइन कीजिए."

"मेरे साइन से कोई पानी पिएगा?"

हे मात्र खरं होतं. सक्सेनाजींच्या सहीवर आमच्याकडे होळीचा रंगसुद्धा कुणी खेळत नाही.

"अंकलजी, बी ब्लॉक में डोहाळजेवण है. साठ लोग आ रहे हैं."

"तर मग त्या पोरीच्या पोटात काय जातंय ते न बघता सही करू?" काका मराठीत म्हणाले. रागावले की ते मराठीत येतात. सक्सेनाजींना सगळं कळतं. तीस वर्षं शेजारी राहिल्यावर रागातलं मराठी आधी कळतं.

मग जिन्यातून माणसं वर यायला लागली. कुणी साबण लावलेल्या तोंडाने, कुणी रिकामी बादली घेऊन. सगळे नम्रपणे तेच म्हणत होते. काका, फक्त यंदा. काका, कोण विचारतंय. काका कठड्याला टेकून उभे होते. पँटवर दोन्ही बाजूंना चुन्याचे पट्टे उठले होते. कार्ड त्यांच्या हातात होतं आणि पेनाचं टोपण अजून लागलेलं होतं. छत्तीस अधिक अकरा वर्षं जे केलं नाही ते आता फक्त एका टोपणावर आलं होतं. गुडघ्यामुळे असेल, पण ते पहिल्यांदाच म्हातारे दिसले.

"मी जाते," काकू म्हणाल्या.

"कुठे?"

"आत. आणखी कुठे? मी मावते."

"तुला काय कळतं त्यातलं?"

मंजूषाताईंनी तरीही आणून ठेवलेली खोबरेलची बाटली मागे लपवली, जणू आता तीच फेकून मारली जाणार होती.

"छत्तीस वर्षं तुमच्या बनियनचं ग्रीस धुतलंय," काकू शांतपणे म्हणाल्या. "कशाला काय चिकटतं आणि कुठे लपतं, ते तुमच्यापेक्षा जास्त कळतं मला."

काकांनी यावर विचार केला. मुद्द्यात खोट सापडली नाही. त्यांनी दोर घेतला, काकूंच्या कमरेला स्वतः बांधला आणि गाठ तीनदा ओढून पाहिली. काकूंनी पदर खोचला, बॅटरी घेतली आणि सरळ शिडीवरून आत गेल्या. अडकण्याचा प्रश्नच आला नाही.

"डाव्या हाताची भिंत?" काकांनी वाकून विचारलं.

"ठीक आहे." टाकीतून काकूंचा आवाज आला तो घुमत, आकाशवाणीसारखा. आम्ही सगळे नकळत सरळ उभे राहिलो.

"तळ?"

"तळ स्वच्छ आहे."

"समोरचा कोपरा? नुसतं बघू नकोस, बोट फिरव."

"फिरवलं. बुळबुळीत लागतंय. नुसता पोछा मारलाय मेल्यांनी."

ठेकेदार पुढे आला. "मैडम, वो सीमेंट का नैचुरल चिकनापन है!"

"नैचुरल है तो मेरे नाखून में कैसे आया?"

ठेकेदाराने दोन माणसं ब्रश देऊन पुन्हा आत पाठवली. काकू वर आल्याच नाहीत; शिडीशी उभ्या राहून कामावर बॅटरी रोखत राहिल्या. चाळीस मिनिटं आतून ब्रशाचा आवाज येत होता आणि मधूनमधून काकूंचा: "हां, वहाँ. फिर से. आपके घर में ऐसे घिसते हैं?"

"शिडीच्या मागे..." काका वरून म्हणायला लागले.

"बघितलं."

"पाइपाच्या तोंडाशी..."

"तेही बघितलं. तुम्ही सावलीत बसा."

काका बसले नाहीत, पण गप्प झाले. कारखान्यातसुद्धा त्यांच्या प्रश्नाच्या आधी कुणी पोचलं नव्हतं.

काकू बाहेर आल्या तेव्हा साडी गुडघ्यापर्यंत भिजली होती आणि केसांना जाळं चिकटलं होतं. काकांनी गाठ सोडली. कठड्यावर कार्ड ठेवून तारीख घातली. ठसठशीत अक्षरात लिहिलं: टाकी आतून पाहिली. मग पेन थांबलं.

"अब तो कर दीजिए," सक्सेनाजी जवळजवळ रडकुंडीला आले.

"मी नाही पाहिली. तिने पाहिली." काकांनी पेन काकूंपुढे धरलं.

"मी? अहो, मी बँकेतसुद्धा तुमच्या सहीच्या शेजारी सही करते."

"इथे शेजारी कुणी नाही."

काकूंनी पदराला हात पुसले. वाकून, शाळेतल्यासारखं हळूहळू लिहिलं. मनोरमा गोपीनाथ चांदोरकर. काकांनी कार्ड उचललं, डोळ्यांपासून लांब धरलं, तपासलं आणि परत खाली ठेवलं.

"गोपीनाथ खोड."

"अहो, असं काय!"

"गोपीनाथ आत होता का?"

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग एक आडवी रेघ मारली. सरळ, बारीक, बाकी कुठल्याही अक्षराला न लागणारी. बारा पंचेचाळीसला पाणी सुटलं आणि बी ब्लॉकमधून टाळ्या ऐकू आल्या. त्या डोहाळजेवणाच्या असतील, पण आम्ही त्या आमच्याच धरल्या.

चार दिवसांनी सभेची सूचना द्यायला मी चांदोरकरांकडे गेलो. काका पेपर वाचत होते. टेबलावरचा मोबाइल वाजला. फोन पलीकडच्या कॉलनीच्या सेक्रेटरींचा होता. तिथे दोन जिम आहेत. ते इतक्या मोठ्याने बोलत होते की मला दारातून ऐकू आलं. त्यांची टाकी रविवारी धुणार होते, आणि इन्स्पेक्टर साहब येऊ शकतील का, असं विचारत होते.

काकांनी चष्मा काढला.

"इन्स्पेक्टर साहब नहा रही हैं," ते म्हणाले. "आधे घंटे में कीजिए."

फोन ठेवून त्यांनी तो टेबलाच्या मधोमध सरकवला, आवाज पूर्ण वाढवला, पेपर घडी करून बाजूला ठेवला आणि फोनसमोर ताठ बसून राहिले. मी सूचना पुढे केली. त्यांनी हातानेच थांब अशी खूण केली.